मुठेची खडशी

गळ टाकायला मी चाळिशीत शिकलो. शिकवणारे काका म्हणाले, "आधी हात ओले कर. कोरड्या हातानं माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, मग सोडलेला मासा तगत नाही." कणकेची गोळी लावून दोन तास बसलो. अचानक हिसका! वीतभर खडशी, म्हणजे महसीर. नखाएवढे सोनेरी खवले. पाण्यातच धरली, कल्ले उघडमीट झाले, निसटली.

कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये या जातीचं शास्त्रीय वर्णन केलं ते आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज लोणावळ्याला वळवणच्या टाटा पॉवरच्या केंद्रात तिची पिल्लं वाढवतात, पाण्यात सोडतात. संगम पुलावरून जाताना मी अजूनही वाकून खाली बघतो.