शाळा त्यांची, तरबियत कोणाची?



काही दिवसांपूर्वी परिचयातील एक भगिनी भेटल्या. त्यांची मुलगी कॅथोलिक धर्मभगिनी चालवीत असलेल्या एका शाळेत इयत्ता सहावीत शिकते. एका संध्याकाळी मुलीने आईला विचारले, "अम्मी, सकाळच्या प्रार्थनेला मी सगळ्यांसारखे हात जोडते, ओठही हलवते, पण मनात सूरह फातिहा म्हणते. सिस्टरना वाटते, मी त्यांची प्रार्थना म्हणते. हे खोटे बोलणे झाले का?" आईपाशी उत्तर नव्हते. त्यांनी मला विचारले, "शाळा बदलावी काय?"

या दोन प्रश्नांतील अंतर आपण लक्षात घ्यावे. आईला शाळेची चिंता होती, मुलीला स्वतःच्या खरेपणाची. आपल्या समाजात पहिल्या प्रश्नावर पुष्कळ चर्चा होते. दुसरा प्रश्न बहुधा मुलांच्या मनातच राहून जातो. माझ्या मते मुलीचा प्रश्न अधिक मूलभूत आहे आणि त्याचे उत्तर सापडले, तर आईच्या प्रश्नाचे उत्तरही सापडेल.

प्रथम उपकाराची नोंद करू या. पुण्याची सेंट व्हिन्सेंट शाळा १८६७ साली सुरू झाली, मुंबईची सेंट झेवियर्स १८६९ साली. तेव्हापासून आजवर महाराष्ट्रातील कॅथोलिक शाळांनी सर्व धर्मांच्या मुलांना शिकविले. त्यांत मुस्लिम घरांतील मुले-मुलीही होती व आहेत. त्या मुलांनी तेथून विद्या, शिस्त आणि टापटीप घेतली. जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून या शाळांविषयी बोलताना आपली भाषा कृतज्ञतेचीच असली पाहिजे.

आता या शाळांत पाचवी ते आठवीच्या मुलांना काय शिकविले जाते, ते पाहू. राज्य मंडळाशी संलग्न शाळांत गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल आणि भाषा यांची पाठ्यपुस्तके इतर शाळांत असतात तीच असतात. वेगळेपण दुसरीकडे असते. दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होतो. कॅथोलिक मुलांना त्यांच्या धर्मशिक्षणाचा तास असतो आणि सामान्यतः त्याच वेळी इतर मुले मूल्यशिक्षणाच्या, म्हणजे 'मॉरल सायन्स'च्या तासाला बसतात. या तासाला सत्य, क्षमा, सेवा, गरिबांविषयी कळवळा असे विषय येतात. शाळेच्या आवारात माता मेरीची मूर्ती असते, वर्गाच्या भिंतीवर क्रूस असतो, डिसेंबरात नाताळचा कार्यक्रम असतो.

यात लपवाछपवी काहीही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर एक घोषणापत्र प्रसिद्ध केले. विद्यार्थ्याला जगाविषयी, जीवनाविषयी आणि मानवाविषयी मिळणारे ज्ञान श्रद्धेच्या प्रकाशाने उजळावे, हा कॅथोलिक शाळेचा हेतू त्यात स्पष्टपणे मांडला आहे. म्हणजे त्यांच्या दृष्टीने श्रद्धा ही वेळापत्रकातील एका तासापुरती गोष्ट नाही. ती संपूर्ण शिक्षणाचा प्राण आहे. या विचाराने आपण दचकण्याचे कारण नाही. कुरआनच्या पहिल्या अवतरणातच वाचण्याचा आदेश आहे आणि ते वाचन निर्मात्या पालनकर्त्याच्या नावाने करावयाचे आहे (सूरह अलक). श्रद्धेपासून तोडलेले ज्ञान अपुरे असते, असे आपणही मानतो. फरक श्रद्धेच्या आशयात आहे.

त्याच घोषणापत्रात आणखी एक गोष्ट सांगितली आहे: मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक त्यांचे आईवडील होत. वाचकहो, हे वाचून मी काही क्षण थांबलो. हे तर आपल्याला प्रेषितांनी (स.) चौदा शतकांपूर्वी सांगितले आहे. प्रत्येक मूल निर्मळ प्रकृतीवर, फितरतवर, जन्मते आणि पुढे त्याचे आईवडीलच त्याला घडवितात. तुमच्यापैकी प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या हवाली केलेल्यांविषयी विचारले जाणार आहे. ज्या शाळेवर आपण मुलाच्या तरबियतचे सारे ओझे टाकून मोकळे होतो, ती शाळाच सांगते आहे की हे काम मुळात तुमचे आहे!

मग त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर शोधताना मला इस्लामी इतिहासातील एक प्रसंग आठवतो. मक्केतील छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून हबशा देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या भूमीत गेले. तेथील राजा नजाशी हा ख्रिस्ती होता. कुरैशचे दूत त्यांना परत नेण्यासाठी पाठोपाठ आले. पहिल्या दिवशी राजाने मुसलमानांना बोलावून त्यांच्या धर्माविषयी विचारले. हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) यांनी सूरह मरयमचा आरंभीचा भाग पठण केला. हजरत मरयम आणि हजरत ईसा (अ.) यांचे ते वर्णन ऐकून राजाच्या डोळ्यांत अश्रू आले आणि त्याने या निर्वासितांना सोपवून देण्यास नकार दिला.

दुसऱ्या दिवशी मात्र कुरैशच्या दूताने डाव टाकला. ईसांविषयी हे लोक फार भयंकर बोलतात, असे त्याने राजाला सांगितले. पुन्हा बोलावणे आले. विचार करा, त्या रात्री त्या मूठभर परदेशी माणसांची अवस्था काय झाली असेल! आश्रय देणारा राजा ख्रिस्ती, दरबारात धर्मगुरू बसलेले, आणि खरे बोलले तर परत मक्केच्या छळात जाण्याची भीती. त्यांनी आपसांत विचारविनिमय केला आणि ठरविले की, काय व्हायचे ते होवो, अल्लाहने सांगितले तेच सांगायचे. जाफर (रजि.) यांनी दरबारात सांगितले की ईसा (अ.) हे अल्लाहचे दास व प्रेषित आहेत, पवित्र मरयमकडे पाठविलेला त्याचा शब्द व त्याच्याकडील आत्मा आहेत. त्यांनी ईसांना ईश्वराचा पुत्र म्हटले नाही. आणि त्यांच्या सन्मानात तसूभरही उणे येऊ दिले नाही.

वाचकहो, या दोन दिवसांत आपल्या मुलांसाठी संपूर्ण धडा आहे. पहिल्या दिवशी जे समान आहे ते प्रेमाने सांगितले गेले, दुसऱ्या दिवशी जे भिन्न आहे ते नम्रतेने सांगितले गेले. आपली मुले रोज त्या दरबारात उभी असतात. आपण त्यांना यांपैकी कोणत्या दिवसाची तयारी करून दिली आहे?

अनेक घरांत दोन्ही दिवसांची तयारी नसते. सातवीतल्या मुलाला नाताळच्या नाटकाची गोष्ट तोंडपाठ असते. पण कुरआनमध्ये नावाने उल्लेखिलेली एकमेव स्त्री हजरत मरयम आहे आणि एकोणिसावी सूरह त्यांच्या नावाची आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ईसा (अ.) पित्याविना जन्मले, अल्लाहच्या अनुज्ञेने त्यांनी रोग्यांना बरे केले, ते मसीह आहेत, हे आपणही मानतो, हे ऐकून त्याला नवल वाटते. आणि त्रैक्य, ईश्वरपुत्रत्व व क्रूसावरील मृत्यू या बाबतीत आपली श्रद्धा वेगळी का आहे, हे विचारले तर तो गप्प राहतो. ही पोकळी शाळेने निर्माण केलेली नाही.

त्या मुलीला माझे उत्तर असे: बेटी, मनात फातिहा म्हणणे हे खोटे नाही. परंतु ओठ हलवून समोरच्याला वेगळेच भासविणे, ही सवय चांगली नाही. तू शांतपणे, आदराने उभी राहा. ओठ हलवू नकोस आणि कुचेष्टाही करू नकोस. कोणी विचारले तर सांग, "मी मुस्लिम आहे, तुमच्या प्रार्थनेचा मी आदर करते, पण तिच्यातील शब्द माझ्या श्रद्धेचे नाहीत." एवढे पुरे आहे.

यावर काही पालक म्हणतील, "एवढ्याशा गोष्टीसाठी मुलीला वर्गात वेगळे का पाडायचे? ओठच तर हलवायचे!" आक्षेप गंभीर आहे, कारण अकरा-बारा वर्षांच्या मुलाला वेगळे दिसण्याइतके जड दुसरे काही नसते. परंतु ओठांची हालचाल निरर्थक आहे असे जे मूल शाळेत शिकते, ते घरी नमाजमध्येही तेच शिकलेले असते. मला भय दुसऱ्या धर्माच्या शिकवणीचे तितकेसे वाटत नाही. प्रार्थना म्हणजे केवळ उच्चार, समोर जे असेल ते म्हणून टाकावे, ही समजूत मुलाच्या मनात रुजण्याचे भय वाटते. सात वर्षांच्या मुलाला नमाजची आज्ञा करावी आणि दहाव्या वर्षी त्याबाबत कठोर असावे, अशी शिकवण आहे. पाचवी ते आठवी हा नेमका तोच काळ आहे, ज्यात मूल बालिग होते आणि त्याच्या कर्मांचा हिशोब त्याच्याच नावे सुरू होतो. या वयात त्याच्या शब्दांना वजन नसेल तर पुढे कधी येणार?

शिवाय हा भार मुलाने एकट्याने का उचलावा? भारतीय संविधानाच्या कलम २८(३) नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेतील कोणत्याही विद्यार्थ्याला, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. केरळमधील तीन ख्रिस्ती भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली बिजो इमॅन्युअल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीताचा विषय येथे नाही. आदराने, मौन राखून उभे राहणे हा अनादर नव्हे, हे न्यायालयानेही मानले, एवढेच दाखवायचे आहे. तेव्हा पालकांनी स्वतः मुख्याध्यापिकेला भेटावे, मूल्यशिक्षणाचे पुस्तक मागून संपूर्ण वाचावे आणि आपली भूमिका सौजन्याने सांगावी. ज्यांची स्वतःची श्रद्धा दृढ असते, त्यांना दुसऱ्याची श्रद्धा समजणे सोपे जाते. नजाशीच्या दरबारातही तेच घडले. दुसऱ्या दिवसाचे उत्तर ऐकूनही त्याने मुसलमानांना अभय दिले. सर्व समजावूनही एखादी शाळा सक्तीच करत असेल, तर ती शाळा सोडणे योग्य ठरेल. परंतु तो शेवटचा मार्ग आहे. ज्या घरात दीनची चर्चाच होत नाही, त्या घरातील मूल कोणत्याही शाळेत घातले तरी रितेच राहील.

आणखी एक गोष्ट न्यायाची. सूरह मुतफ्फिफीनमध्ये अशा लोकांचा धिक्कार आहे, जे घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. आपल्या समाजाच्याही शाळा आहेत. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून कार्यरत आहे. आपल्या संस्थांत शिकणाऱ्या मुस्लिमेतर मुलांना, त्यांनी न मागताही, हीच मोकळीक मिळते ना, हे आपण पाहिले पाहिजे. जे माप आपल्या लेकीसाठी मागतो, तेच दुसऱ्याच्या लेकराला देणे हा अदल आहे.

शेवटी घरचा अभ्यासक्रम. रोज इशाच्या नमाजनंतर वीस मिनिटे काढा. सूरह आलि-इमरान आणि सूरह मरयममधील हजरत मरयम व ईसा (अ.) यांचा वृत्तांत मुलांबरोबर मराठी अनुवादासह वाचा. नमाजमध्ये जे म्हणतो त्याचा अर्थ समजावा. शाळेत आज काय ऐकले, ते विचारा. प्रश्न कितीही अवघड असला तरी रागावू नका आणि उत्तर ठाऊक नसेल तर "आपण दोघे मिळून शोधू" असे म्हणा. हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला उपदेश केला तेव्हा पहिला धडा तौहीदचा होता आणि अखेरचा धडा बोलण्या-चालण्यातील नम्रतेचा. या दोन टोकांच्या मध्ये आपल्या मुलांचे सारे शिक्षण बसते.

त्या भगिनींनी शाळा बदलली नाही. त्या पती-पत्नी दोघे जाऊन मुख्याध्यापिकेला भेटले. मुलगी आता प्रार्थनेच्या वेळी हात बाजूला ठेवून शांत उभी राहते. घरी सूरह मरयमचे वाचन चालू आहे आणि आई म्हणते, अर्थ तीही पहिल्यांदाच शिकते आहे.

अल्लाह आम्हा सर्वांना आपल्या संततीची अमानत प्रामाणिकपणे सांभाळण्याची सद्बुद्धी देवो आणि आमच्या मुलांच्या ओठांवर तेच येवो जे त्यांच्या अंतःकरणात आहे. आमीन.