स्वस्ताच्या मानाने

माझा धाकटा भाऊ गेली पंधरा वर्षे मस्कतला एका गोदामात नोकरी करतो. सुटीवर येतो तेव्हा त्याच्या पेटीत अत्तर, साबण, खजूर हे ठरलेले सामान असतेच. गेल्या दिवाळीला मात्र त्यातून माशांचे पाच डबे निघाले. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या घरात पत्र्याच्या डब्यातले मासे आणायचे म्हणजे माडाच्या बागेत शहाळी विकायला जाण्यापैकीच! पण आणणाऱ्याचा हात मोडवत नाही. शिवाय मासा अगदी परका नव्हता. इंग्रजीत ज्याला सार्डिन म्हणतात, त्याच्याच कुळातली आमची तारली.

भाऊबीज पार पडली आणि दुसऱ्या दिवशी मुलीने टूम काढली की, या डब्यांची परीक्षा घ्यायची. तिने आत जाऊन डबे फोडले, पाच बश्यांत मासे काढले आणि बश्यांना नुसते आकडे दिले. कोणता डबा कुठला हे तिला आणि काकालाच ठाऊक. परीक्षक आम्ही दोघे, मी आणि सौभाग्यवती. खरे म्हणजे परीक्षक तीच; माशातले मला कळते ते वाढल्यानंतरचे.

पहिल्या बशीतला मासा तेलातला. कातडी चांदीसारखी अखंड, मांस घट्ट, पण तेलाला वास ना चव. दुसरा टोमॅटोच्या रसातला. रस खळीसारखा दाट आणि गोडसर, खाली मासा पिचलेला. तिसरा मिठाच्या पाण्यातला. हिने त्याचे पोट बोटाने उघडले, हुंगले आणि बशी बाजूला सारली. "पोट साफ केलेले नाही, आणि मासा ताजाही नव्हता," एवढाच निकाल. चौथ्याला ऑलिव्हच्या तेलाचा मंद वास होता आणि तो जिभेवर लोण्यासारखा उतरला. पाचव्यात मिरची होती. मिरचीआड काय काय लपते हे आम्हा कोकणी माणसांना कुणी सांगायला नको.

मौज वाटली ती काट्यांची. तारलीचे काटे म्हणजे लहान मुलांच्या जेवणातले संकट. इथे तो काटा दाताखाली नुसता भुगा होत होता. डबा बंद केल्यावर तो शंभर अंशांहून अधिक उष्णतेत शिजवतात, त्यात जंतूही मरतात आणि काटेही मऊ होतात. अन्न बंद करून तापवले की टिकते, हे निकोलस आपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने शोधून काढले आणि त्याबद्दल त्याला 1810 साली सरकारकडून 12,000 फ्रँक मिळाले. का टिकते, हे मात्र त्याला सांगता येत नव्हते. ते सांगणारा पाश्चर जन्मला 1822 साली. स्वयंपाकघरातली पुष्कळशी विद्या अशी आधी हाताला कळते. असो.

"कसे लागले, दादा?" भावाने विचारले.

मी मोठ्या मनाने म्हणालो, "सगळेच छान आहेत रे. स्वस्ताच्या मानाने तर उत्तमच!"

तो हसला, पण काही बोलला नाही. मग सहज बोलावे तसे त्याने सांगितले की, पहिली चार वर्षे एका खोलीत सहाजण राहत असताना रात्रीचे जेवण बहुधा हेच असे: एक डबा आणि दोन खुबूस. ती चार वर्षे म्हणजे आमच्या घरावर स्लॅब पडला ती वर्षे.

त्या रात्री मला झोप लागेना. जे दुसऱ्याने गरजेपोटी खाल्ले, त्याची आपण सणाच्या गमतीखातर परीक्षा घ्यावी काय? अन्नाला नावे ठेवू नयेत, असे आमचे वडील सांगत, आणि ताटातले निमूट संपवत. ते मला आजही पटते. पण त्या रात्री मला टोचत होते ते निराळेच. हिने तिसरी बशी सरळ नाकारली होती, तरी भावाच्या चेहऱ्यावर तेव्हा काही उमटले नव्हते. उमटले ते मी स्तुती केली तेव्हा.

"च्या मानाने" हे शब्द मला नवे नाहीत. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. माझी पहिली कादंबरी वाचून एक विद्वान म्हणाले होते, "मॅट्रिक झालेल्या माणसाच्या मानाने बरी आहे." त्यांनी ती फाडून टाकली असती तर मी भांडलो असतो. या वाक्याशी भांडायचे कसे?

आणि हेच मी स्वतःही केले आहे. वर्गात एक मुलगा होता, बाप दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. त्याच्या निबंधाला मी दहापैकी आठ गुण दिले, खाली 'छान' लिहिले. चार दिवसांनी तो वही घेऊन आला. "गुरुजी, शेवटचे पान कोरेच राहिले होते. ते काल लिहिले. आता वाचाल का?" निबंध अर्ध्यावर तुटला होता हे माझ्या लक्षातही आले नव्हते, कारण मी तो वाचलाच नव्हता. मी त्याच्या बापाची गरिबी वाचली होती आणि तिला आठ गुण दिले होते.

नावाचेही असेच. युरोपीय समुदायाने 1989 च्या एका नियमाने ठरवले की, सार्डिन हे नाव डब्यावर लावण्याचा मान आपल्या किनाऱ्यावरच्या एकाच जातीचा. पेरू देशाचा मासा वेगळ्या जातीचा, पण त्याच कुळातला. त्याला 'पेरूचे सार्डिन' असेही म्हणवून घ्यायची बंदी. पेरू जागतिक व्यापार संघटनेकडे गेला आणि 2002 साली जिंकला. डबाबंद सार्डिनच्या आंतरराष्ट्रीय मानकात तेव्हा एकवीस जाती धरल्या होत्या आणि त्यांत आमची तारलीही होती. जी तारली जास्त आली की माडांच्या मुळाशी खत म्हणून जाते, ती! पेरूने काही सवलत मागितली नव्हती. आमच्या माशाला त्याच्या नावाने बाजारात उभे राहू द्या, मग गिऱ्हाईक ठरवील, एवढेच त्याचे म्हणणे.

सकाळी भाऊ पडवीत चहा घेत बसला होता. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "काल मी खोटे बोललो. तिसरा डबा टाकाऊ होता. दुसऱ्यातला रस बरा, मासा वाईट. पहिला चांगला, पण तेलाने मार खाल्ला. चौथा मात्र कुठेही मांडावा असा."

त्याने कप खाली ठेवला. "तिसऱ्याचे वहिनीने बरोबर ओळखले," तो म्हणाला. "तोच मी सगळ्यांत जास्त खाल्ला. पहिल्या दिवशी ओकलो होतो."

"आणि चौथा?"

"चौथा मलाही आवडायचा, दादा. महिन्यातून एकदा घ्यायचो, पगाराच्या दिवशी. तो थोडा महाग पडायचा."

मग आम्ही बराच वेळ तेलाविषयी बोलत बसलो.