आधी एकट्याला

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरतात आणि त्यांच्याबरोबर माणसांची नावेही फिरतात. अमक्याची सून, तमक्याचा जावई, कुणाची तरी उधारी. चकली संपते, विषय संपत नाही. बोलणाऱ्यांच्या मनात वैर असते असे नाही. पण ज्याच्याविषयी बोलणे चाललेले असते, तो मात्र तेथे नसतो. जिभेच्या साऱ्या पापांत मला हे सर्वांत चोरटे वाटते.

बायबलच्या नव्या करारात याकोबाचे एक छोटेसे पत्र आहे. त्याचा तिसरा अध्याय बहुतेक जिभेवरच खर्ची पडला आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, गलबताचे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. वस्तू लहान, पण करणी केवढी! माणसाने पशुपक्षी माणसाळवले, स्वतःची जीभ मात्र त्याला माणसाळवता आली नाही, अशी याकोबाची तक्रार आहे. आणि मग तो नेमकी नस पकडतो. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची, त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप द्यायचे, हे कसे? म्हणजे ख्रिस्ती विचारात सौम्य बोलणे हा नुसता शिष्टाचार नव्हे. माणसाचा अपमान थेट देवापर्यंत पोचतो.

हे वाचून भिडस्त माणसाला बरे वाटेल. गप्प बसले की झाले! पण खरी अडचण येथेच आहे. गप्प बसणे हा पुष्कळदा भित्रेपणा असतो. वर्गात दांडगी मुले एखाद्या दुबळ्या मुलाला छळत असताना मास्तर फळ्याकडे तोंड करून उभा राहिला, तर त्या मौनाला दया कोण म्हणेल? खुद्द येशूने शास्त्री-परूश्यांना ढोंगी म्हटले आहे. पण म्हटले ते त्यांच्या तोंडावर.

ही गाठ मत्तयाच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायात सुटते. भावाने अपराध केला, तर प्रथम त्याच्याकडे जावे आणि दोघेच असताना त्याची चूक दाखवावी. ऐकले नाही, तर एकदोघांना बरोबर न्यावे. तरीही ऐकले नाही, तरच गोष्ट मंडळीपुढे मांडावी. आपण हा क्रम बरोबर उलटा करतो. प्रथम मंडळी, मग एकदोघे. आणि त्या बिचाऱ्याला सर्वांच्या शेवटी कळते, तेही तिसऱ्याच्या तोंडून.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत मौनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. प्रसंगी चांगले बोलणेही आवरावे, इतका त्याचा कटाक्ष. परंतु चुकणाऱ्या बंधूविषयी लिहिताना तोच बेनेडिक्ट गप्प बसा म्हणत नाही. वडीलधाऱ्यांनी त्याला एकदा, दोनदा खाजगीत समज द्यावी; नच सुधारला, तर सर्वांसमोर.

योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची कथा आहे. आरोप करणारे उत्तरासाठी हटून बसले होते आणि येशू खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहीत होता. काय लिहिले, ते कुणी सांगितलेले नाही. ज्याने पाप केले नसेल त्याने पहिला दगड मारावा, एवढेच तो बोलला. आरोप करणारे एकेक करून निघून गेले, आणि मग कुठे तो तिच्याशी बोलला. त्याने तिला शिक्षा सांगितली नाही. पण यापुढे पाप करू नकोस, हे सांगायलाही तो विसरला नाही.

शिक्षकाच्या धंद्यात मला याची प्रचीती रोज येते. पन्नास मुलांसमोर एखाद्याची चूक काढली, की तो वहीकडे पाहत नाही, इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहतो. शाळा सुटल्यावर तीच चूक त्याच शब्दांत सांगावी, तर त्याला वही दिसते. शब्द तेच, फक्त ऐकणारे कमी झालेले असतात.

एकट्याला सांगणे अवघड असते, कारण तेथे आपल्याला टाळी मिळत नाही. म्हणून कुणाविषयी काही बोलावेसे वाटले, की मनाला एवढेच विचारावे : हे मी त्याच्यासमोर, दोघेच असताना सांगेन काय? उत्तर 'नाही' आले, तर ते शब्द गिळावेत. 'होय' आले, तर उठावे आणि त्याच्या घरी जावे. दिवाळीत जायला निमित्तही शोधावे लागत नाही.