मुक्त आणि फुकट

मराठी माणसाला ‘फुकट’ या शब्दाचा जितका मोह आहे तितकाच त्याच्याविषयी संशयही आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण हसत म्हणतो आणि त्याच तोंडाने दुसऱ्याला ‘फुकटचंबू’ म्हणून हिणवतो. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत हे सर्वांना ठाऊक असते. पण दात मोजल्यावाचून गाय गोठ्यात बांधणारा विरळाच. याचे कारण मला असे वाटते, की ज्या वस्तूची किंमत मोजली तिच्यापुरता आपला हिशेब मिटलेला असतो. जिची मोजली नाही, तिचा हिशेब कुठे तरी उघडा राहिला आहे अशी बारीकशी बोच मनाला लागून राहते.

ही बोच खरी की खोटी, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या यवतमाळच्या घरात एका संगणकाच्या निमित्ताने उभा राहिला. संगणकातल्या जुन्या प्रणालीची मुदत संपली होती आणि नवीला आमचे यंत्र जुने पडत होते. यंत्र मात्र चांगले धडधाकट! तेव्हा पुण्याला शिकणारा पुतण्या बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर ‘डेबियन’ नावाची लिनक्स प्रणाली घेऊन आला. प्रणाली म्हणजे यंत्राच्या घरातला दिवाणजी. आपण कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंतचा सगळा कारभार तोच पाहतो. पुतण्याने तो नवा दिवाणजी पेनड्राइव्हवरूनच चालू केला; आतल्या जुन्या सामानाला हातसुद्धा लावला नाही. “काका, चार दिवस वापरून पाहा. पटले तरच घरात घेऊ,” असे तो म्हणाला. किंमत विचारली, तर शून्य.

आमचे शेजारी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. फुकटाचे नाव काढताच त्यांची मान हलली. “मास्तर, एवढं मोठं काम फुकट कोन देते? काही तरी डाव असनच, पहा तुम्ही!”

त्यांची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. म्हणून आधी हे देणारे कोण, ते पाहू. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यांचे म्हणणे असे, की आज्ञावली ज्याच्या हाती आली त्याला चार गोष्टींची मोकळीक हवी: ती हव्या त्या कामाला वापरण्याची, तिचे अंतरंग वाचून बदलण्याची, तिच्या प्रती इतरांना देण्याची आणि आपण सुधारलेली प्रतही वाटण्याची. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, केवळ छंद म्हणून, प्रणालीचा गाभा लिहिला, तोच लिनक्स. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी डेबियनचा आरंभ केला आणि आपल्या प्रेयसीचे ‘डेब्रा’ हे नाव स्वतःच्या नावाला जोडून प्रकल्पाचे बारसे केले. इतका प्रपंच संगणकशास्त्रातही असतो!

यात एक बारकावा आहे. टोरवाल्ड्सने पहिल्या परवान्यात अट घातली होती, की लिनक्स वाटताना कोणी पैसे घेऊ नयेत. १९९२ साली ही अट त्याने काढून टाकली आणि ग्नूचा परवाना स्वीकारला. त्या परवान्याप्रमाणे पैसे घ्यायला हरकत नाही. मात्र प्रत देताना मूळ आज्ञावलीही द्यायची आणि घेणाऱ्याला तीच मोकळीक द्यायची. म्हणजे मुक्त वस्तू विकतसुद्धा मिळू शकते आणि फुकट वस्तू पक्की बंदिस्त असू शकते. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे तिकडे पुष्कळ खुलासे करावे लागतात. आपल्याकडे दोन शब्द आहेत. तरी आपण घोटाळा करतोच.

बंदिस्तपणा म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला तरी समजावून सांगायला नको. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी आमची शकुंतला आठवा. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी अमलात तिचे रूळ पडले. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, तरी हे रूळ खाजगी कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी भारतीय रेल्वेने चालवायची आणि रुळांचे पैसे कंपनीला द्यायचे, असा तो संसार. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आता ती धावत नाही. तिच्यावर प्रेम करणारे गावोगाव होते, तिच्यात बसून सासरी गेलेल्या लेकी होत्या. पण रूळ कधी सुधारायचे हे ठरवण्याचा अधिकार त्या प्रेमाला नव्हता. विकतची बंद प्रणालीही आपण बहुधा अशीच घेतो. हाती येते ते तिकीट, रूळ दुसऱ्याचे.

यावर कोणी म्हणेल, आणि शेजाऱ्यांनी म्हटलेच, की मास्तर, तुम्हाला त्या आज्ञावलीतली एक ओळ तरी वाचता येते काय? येत नाही. मग दुरुस्तीचा अधिकार घेऊन तुम्ही काय करणार? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा नाही. मला सुतारकाम येत नाही. म्हणून माझ्या दाराला सुताराने हात लावू नये, असे ठरवलेले मला चालेल काय? अधिकार माझा असला की हात दुसऱ्याचा चालतो.

त्याचा पुरावा मला पडद्यावरच मिळाला. डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी होती. ती निवडली आणि यंत्र माझ्याशी माझ्या भाषेत बोलू लागले. त्यासाठी कोणी तरी संध्याकाळी घरी बसून एकेका इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधला असेल. आज्ञावली मोकळी होती, म्हणून कोणाचा दरवाजा न ठोठावता हे करता आले.

राहिला शेजाऱ्यांचा डाव. देणारे सगळे संत नाहीत हे खरेच. मोठमोठ्या कंपन्या पगार देऊन माणसे या कामाला लावतात, कारण त्यांचा धंदा त्यावर चालतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी निघाली, तेव्हा त्यांतला प्रत्येक लिनक्सवर चालत होता. आणि शेजाऱ्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. डाव असेल, पण पत्ते उघडे टाकून मांडलेला. ज्याला वाचता येते त्याने वाचावेत.

स्वातंत्र्य आले की सोयही आपोआप येते, असे मात्र समजू नये. आमच्या छपाईयंत्राने दोन संध्याकाळी कडकडीत मौन पाळले. नातवाचा एक आवडता खेळ अजून चालत नाही. ज्याची उपजीविका एखाद्या ठरावीक आज्ञावलीवर अवलंबून आहे, त्याने भावनेच्या भरात उडी घेऊ नये. पण विकतच्या प्रणालीची चोरटी प्रत घालून काम भागवण्याची जी रीत पुष्कळ घरांत रूढ आहे, तिच्यापेक्षा ही अडचण मला परवडते. चोरट्या प्रतीत पैसे वाचतात, रूळ दुसऱ्याचेच राहतात आणि मुलांसमोर मान खाली जाते ती वेगळीच.

आणि ती पहिली बोच? ती खरी होती, असेच मी आता म्हणेन. किंमत शून्य असली की ऋण शून्य होत नाही. त्याची फक्त दिशा बदलते. आपल्या पूर्वजांनी माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले. त्यांतले ऋषिऋण ऋषींना काही देऊन फिटत नाही. शिकावे आणि पुढच्याला शिकवावे, तेव्हा ते फिटते. तो परवाना वाचताना मला हीच आठवण झाली. हेलसिंकीला किंवा अमेरिकेला मी काय पाठवणार? पण आमच्या पडद्यावर काही शब्द इंग्रजीच राहिले होते, काही मराठी शब्द इतके अवघड होते की ते समजण्यासाठी इंग्रजी आठवावे लागे. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाला निदान तेवढे करता येते. सात शब्दांच्या सुधारणा लिहून मी पुतण्यामार्फत अनुवाद करणाऱ्यांकडे पाठवल्या. त्या पसंत पडतील की नाही, ते बघावे.

दिवाळीत शेजारून फराळाचे ताट येते. त्याचे पैसे कोणी विचारत नाही आणि कोणी देऊ केले तर भांडण होईल. पण ताट रिकामे परत करायचे नसते, हे घरातल्या लहान पोरीलाही ठाऊक असते. चकली नसेल तर मूठभर साखर घालावी, पण घालावी.