परशुरामभाऊंची माघार

तासगावच्या गणपतीचे सात मजली गोपूर आपल्याकडच्या देवळांत वेगळे उठून दिसते. कर्नाटकातल्या स्वाऱ्यांत परशुरामभाऊ पटवर्धनांनी दक्षिणेकडची देवळे पाहिली आणि तशी घडण आपल्या गावात आणली. कोणी हरकत घेतली नाही. त्या नव्या घडणीपुढे सारा मुलूख हात जोडू लागला.

भाऊ पेशवाईतले नावाजलेले सरदार. घोडदळ घेऊन त्यांनी टिपूचा मुलूख तुडवला. 1790च्या सप्टेंबरात धारवाडला घातलेला वेढा किल्ला हाती येईपर्यंत, म्हणजे पुढच्या एप्रिलपर्यंत, उठवला नाही. 1795 साली खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळ्या मराठी फौजांचे सेनापतिपद त्यांच्याकडेच होते.

या भाऊंची लहानगी लेक लग्नानंतर थोड्याच काळात विधवा झाली. त्या वेळचे बाप देवाला आणि नशिबाला बोल लावून गप्प बसत. भाऊ बसले नाहीत. लेकीचे पुन्हा लग्न करता येईल का, हा प्रश्न त्यांनी रामशास्त्री प्रभुण्यांपुढे ठेवला. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे हे माहुलीचे रामशास्त्री. त्यांचा कौल अनुकूल पडला, काशीच्या पंडितांनीही संमती दिली, असे परंपरेने सांगतात.

आता फक्त मुहूर्त धरायचा होता. पण घरातून, मुलीच्या आईकडूनच, नकार आला. मी त्या माउलीला दोष देणार नाही. शास्त्री संमतिपत्र देऊन आपापल्या घरी जातात. वाळीत पडलेल्या घरातली उरलेली लग्नकार्ये, पंगती, हळदीकुंकू निभवायचे असते बाईला. तिची भीती खरी होती. पण भाऊंचे काय? शास्त्र त्यांच्या बाजूने होते, सत्ता हातात होती, पदरी हजारो स्वार होते. धारवाडपुढे सात महिने ठाण मांडणाऱ्या या माणसाने घरच्या उंबरठ्यावर मात्र माघार घेतली. लेकीचे वैधव्य लेकीपाशीच राहिले.

विधवाविवाहाचा कायदा झाला 1856 साली. त्यानंतरही 1869मध्ये मुंबईत पुनर्विवाह लागला तेव्हा त्यात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. त्यांच्यात आघाडीवर होते सातारा जिल्ह्यातल्या बावधनचे विष्णुशास्त्री पंडित. त्यांच्याजवळ ना जहागीर होती, ना फौज. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी स्वतःही एका विधवेशीच लग्न लावले.