हेल कुणाचा, हसू कुणाला

'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा विषय निघाला तेव्हा आमचे एक परिचित, निवृत्त शिक्षक, म्हणाले, "भाषा एवढी गावठी, तरी कुठं काही वावगं नाही. कमाल आहे!" बोलले कौतुकानंच, पण मला ते लागलं. आमच्या सटाण्यात घरोघरी अहिराणीत 'काय करी राहिना भो?' असं विचारतात आणि शाळेचं फाटक ओलांडलं की तेच तोंड 'काय करतोयस?' म्हणतं. आपल्या बोलीकडून वावगंच अपेक्षित असतं, हे असं कुणी कौतुकाच्या भरात सांगून गेलं की जास्त बोचतं.

'वऱ्हाड'चे कर्ते प्रा. लक्ष्मण देशपांडे यांची थोरवी नव्यानं सांगायला नको. १९७९ पासूनचा एकपात्री प्रयोग, एकट्या माणसानं उभी केलेली ५२ पात्रं, गिनेस बुकातली नोंद, २००९ मध्ये ते गेल्यावर संदीप पाठक यांनी पुढं चालवलेलं वऱ्हाड, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अडतो ते त्यांच्या मराठवाडी हेलापाशी. त्यांच्यासारखा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचा प्रमुख रंगमंचावर आला की तो प्रमाण मराठीत बोलेल आणि बोली एखाद्या गड्याच्या तोंडी घालेल, असं आपण धरूनच चालतो. इथं तर विमानात बसणारं अख्खं वऱ्हाडच मराठवाडी बोलतं. याच बोलीत कुणी रुसतं, कुणी बावरतं, कुणी मानपानासाठी अडून बसतं.

हेलाला हसणं वेगळं आणि हेलात हसणं वेगळं. हेलाला हसणारा माणूस समोरच्यानं तोंड उघडताच हसतो. पुढं काय बोललं गेलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हेलात हसणाऱ्याला आधी ऐकावं लागतं. मालिकांतला वॉचमन, घरगडी, भाजीवाली यांच्या वाट्याला बहुतेकदा पहिल्या जातीचं हसू येतं. आमच्याकडच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही हेच दिसतं. पोरगा घरी पक्का अहिराणी, पण माइक हातात आला की निवेदन प्रमाण मराठीत. नाटुकल्यात गडी आला की त्याला अहिराणी सुचते आणि टाळ्या पडतात. आपलीच भाषा आपणच गड्याला देऊन टाकतो, हे पाहताना जीव तुटतो.

मी त्या निवृत्त गुरुजींशी वाद घातला, की बोलीतला विनोद स्वच्छ असू शकतो. पंढरपूरच्या बाजूचे द. मा. मिरासदारही प्राध्यापकच होते, त्यांच्या कथाकथनाला सगळं घर बसायचं. गुरुजींनी एका वाक्यात मला गप्प केलं: "हळदीची गाणी ऐकली नाहीत का कधी?"

ऐकली आहेत. आणि ती आठवली की मन रमतं. डोईवरचा पदर ढळू न देणाऱ्या पोक्त बाया व्याह्याचं नाव घेऊन त्याला असं काही ऐकवतात की तरण्या पोरांनी माना खाली घालाव्यात. व्याहीही मिशीत हसत ऐकून घेतो. दुसऱ्या दिवशी याच बाया त्याच्या ताटात खापरावरचे मांडे आग्रह करकरून वाढतात. चावटपणा आहे, पण अपमान नाही, कारण व्याही तोलामोलाचा आहे. उलट मालिकेतला गडी एकही वावगा शब्द बोलत नाही, तरी त्याचा अपमान होतच असतो.

म्हणजे मी स्वच्छतेची बाजू घेऊन भांडत होतो तेच चुकीच्या बांधावर उभं राहून. बोली सोवळी आहे असं सिद्ध करायला निघालो, तर आपण शहराच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलो. तो दाखला बोलीला कशाला हवा? देशपांड्यांच्या स्वच्छ विनोदाचं मोल मला आता वेगळं वाटतं. चावटपणाचा टेकू न घेताही त्यांच्या बोलीनं अख्खा प्रयोग पेलला, त्यामुळे हसू नेमकं कुठून येतं हे लपायला जागाच राहिली नाही. ते माणसांतून येत होतं.

सटाण्याच्याच डॉ. सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणीतलं नियतकालिक काढून ही भाषा छापील पानावर मानानं बसवली. आता ती निवेदकाच्या तोंडी यायला हवी. आमच्याकडच्या एखाद्या पोरानं किंवा पोरीनं माइक हातात घेऊन पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत अहिराणीतच सांगावं, डॉक्टर, कलेक्टर, विमानातली हवाई सुंदरी सगळ्यांना अहिराणीतच बोलवावं. त्यात हळदीच्या गाण्यांचा चावटपणा आला तरी माझी तक्रार नाही.