चोचीतला घास

पहिला पाऊस मुरला की कोकणातल्या ओढ्यांकाठी तिबोटी खंड्याची वीण सुरू होते. चिमणीहून लहान हा पक्षी मातीच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली की मुंबई-पुण्याच्या गाड्या येऊ लागतात. बिळासमोर कुणीतरी काडी रोवलेली असते. पक्षी पाल किंवा बेडकी घेऊन तिच्यावर टेकला की सगळे कॅमेरे एकदम कडकडतात.

त्या रांगेत मीही बसलो आहे. चोचीत सापसुरळी, मागे लोण्यासारखी मऊ हिरवळ. त्या फोटोचं पुष्कळ कौतुक झालं. बऱ्याच दिवसांनी त्या दिवशीच्या फाइली चाळताना सहज वेळांकडे लक्ष गेलं. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत अकरा मिनिटं, आणि सगळ्यांत तीच सापसुरळी. एरवी हा पक्षी क्षणभर टेकतो आणि बाणासारखा बिळात शिरतो. अकरा मिनिटं तो ऐटीत बसला नव्हता. समोर आम्ही असताना आत जावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी घास तसाच घेऊन तो उडून गेला. फोटोखाली मी लिहिलं होतं, ‘पिल्लांना भरवताना’.

‘पक्षी आता माणसांना सरावलाय’ असं आमच्यात सर्रास म्हणतात. पिल्लं बिळात अडकलेली असताना आईबाप जाणार कुठे? त्यांच्या नाइलाजाला आम्ही सराव म्हणतो. उघड्या वाटीसारखं घरटं करणाऱ्यांचे हाल याहून वाईट. स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यापुढची डहाळी ‘जरा बाजूला’ केली की पिल्लांवर ऊन येतं आणि कावळ्याची नजरही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं धरलं आहे. बंदूक हातात नसल्यामुळे आम्हाला ते कधी लागू वाटलं नाही, इतकंच.

घरट्याजवळ बसणं मुळातच पाप आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमधले कीर्टन बंधू पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात लपून पक्ष्यांचे फोटो काढत. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीपाशी ठाण मांडलं. एकाच नराची अनेक घरटी, त्यांत वेगवेगळ्या माद्या, हे कोडं तिथे उलगडलं. पण त्यांना प्रश्न पडला होता, आणि त्याच्या उत्तरासाठी पक्ष्याने आपलं काम नेहमीसारखं करणं गरजेचं होतं. आम्हाला हवा असतो तो काडीवरचा थांबा. तो जितका लांबेल तितका फोटो चांगला, आणि पिल्लू तितका वेळ उपाशी.

गेल्या जूनमध्ये गावातल्या गाइडला म्हटलं, बिळाकडे नको, ओढ्याच्या वरच्या अंगाला बसू.

“तिथं दिवसभर बसून काय दिसंल याचा नेम नाही, साहेब.”

“पैसे तेवढेच देईन.”

तो हसला. “तुम्ही द्याल हो. बाकीचे देतील का?”